संगणकाचे आपोआप येणारे अपडेट आणि आमची मंद लाइन

११ ऑक्टोबर २०२३, बुधवार. दिवाळीच्या हंगामाचे दिवस होते. आमच्या पेढीवरून ग्रे कापडाच्या गाठी प्रक्रियेसाठी राजस्थानात बालोतऱ्याला जायच्या होत्या. दुपारी बाराच्या सुमारास माल ट्रकमध्ये चढला आणि चालक दारात येऊन म्हणाला, "शेठ, कागद द्या, निघतो." पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर निघाला की ई-वे बिल लागते, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही संगणकासमोर बसलो, पण पोर्टल उघडेना. पान अर्धे दिसे आणि पुन्हा पांढरे होई. त्याच दिवशी जीएसटीआर-१ भरण्याची शेवटची तारीख होती, त्यामुळे सरकारी पोर्टलवरच गर्दी झाली असेल असा आमचा समज झाला. दोन तास वाट पाहिली. चालकाला पुढची खेप होती. त्याने गाठी उतरवून दिल्या आणि तो निघून गेला. माल दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीने गेला. भाडे जास्त पडलेच, शिवाय प्रोसेसवाल्याकडचा आमचा नंबर मागे गेला.

संध्याकाळी पुतण्या पेढीवर आला. त्याने आपल्या मोबाइलचे नेट जोडले आणि पाच मिनिटांत बिल काढून दाखवले. मग आमच्या मोबाइलचा हिशेब पाहून म्हणाला, "चाचा, पोर्टलचा काही कसूर नाही. आपला दिवसाचा डेटा सकाळी साडेअकरालाच संपलाय."

आमच्या बोळात तेव्हा केबलचे नेट आलेले नव्हते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चाले. दिवसाला दीड जीबीचा पॅक होता. तो संपला की नेट बंद पडत नाही, पण वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे चालू आहे असे दिसते आणि चालत मात्र काहीच नाही. दीड जीबी गेले कुठे? संगणकाच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट'खाली 'डेटा युसेज' नावाचे पान असते. तिथे कोणत्या कामाला किती डेटा लागला याची खतावणीच असते. त्या दिवशी सगळ्यांत मोठी रक्कम 'सिस्टम' या नावापुढे होती, सुमारे सातशे एमबी. विंडोजने स्वतःसाठी अपडेट मागवले होते. उरलेला डेटा मोबाइलमधील अ‍ॅपच्या अपडेटने आणि डिझाइनच्या फोटोंनी खाल्ला होता. आम्हाला कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी आम्हाला कळले नसते. आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे. संगणकाच्या इंग्रजी खिडक्या आम्ही तोवर न वाचताच 'ओके' करीत आलो होतो.

त्यानंतर आम्ही हा विषय पुतण्याकडून नीट समजून घेतला. आमच्यासारख्या लाइनवर काम करणारे कारखानदार, शिलाईवाले आणि दुकानदार पुष्कळ आहेत, म्हणून हा लेख.

प्रथम वेगाचा हिशेब. कंपनी '४ एमबीपीएस' म्हणते ते मेगाबिट असतात आणि फाइलचे वजन मेगाबाइटमध्ये सांगितले जाते. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून ४ एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला अर्धा एमबीच उतरतो. सातशे एमबीच्या अपडेटला त्या लाइनवर चोवीस मिनिटे लागतील, तीही लाइनवर दुसरे कोणी नसेल तर. १ एमबीपीएसवर दीड तास. ६४ केबीपीएसवर चोवीस तासांहून जास्त. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान २ एमबीपीएस वेगाची अट घातली. पण ज्याच्या दुकानात प्रत्यक्ष एवढा वेग येत नाही, त्याला या व्याख्येचा काय उपयोग?

आता एक अपडेट चालू असताना बाकीची कामे का अडतात ते पाहू. आमच्या पेठेतला बोळ डोळ्यांसमोर आणा. गाठींनी भरलेला टेम्पो आत शिरला की मागचा सायकलवाला थांबतो, हातात एकच तागा घेऊन निघालेला पोरगाही थांबतो. ई-वे बिलाचे पान त्या ताग्याएवढे हलके असते. पण पुढे टेम्पो उभा असताना त्याला वाट मिळत नाही आणि पोर्टल ठराविक वेळ वाट पाहून दार लावून घेते. आपण मात्र पोर्टलला नाव ठेवतो.

हे अपडेट येते कधी?

ही गोष्ट आम्हाला सर्वांत उपयोगी पडली. मायक्रोसॉफ्ट कंपनी विंडोजचे सुरक्षेचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते. ही पद्धत २००३ सालापासून चालू आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. तेव्हा पेढ्या बंद असतात. म्हणून बुधवारी सकाळी, किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, आपण संगणक चालू केला की तो मुकाट्याने माल उतरवू लागतो.

आता तारखा पाहा. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो. मासिक जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११, आणि तिमाहीवाल्यांची १३. म्हणजे ज्या आठवड्यात आपल्याला नेटची सर्वांत जास्त गरज असते, नेमका त्याच आठवड्यात हा पाहुणा दारात उभा राहतो. दर महिन्याला. कोणी मुद्दाम केलेले नाही, पण नुकसान आपले होते. पाहुण्याची तारीख ठाऊक असेल तर त्याची सोय आधी करता येते.

बंद करून टाकले तर?

आमच्या घटनेनंतर एका दुरुस्तीवाल्याने सोपा उपाय सांगितला होता: "शेठ, अपडेट कायमचे बंद करून देतो, नेट पळायला लागेल." पेठेतील पुष्कळ संगणकांवर हे केलेले आहे. आम्ही केले नाही. त्याचे कारण आमच्या परिचयातील एका व्यापाऱ्याचा अनुभव. त्यांच्या संगणकावर चौदा महिने एकही अपडेट आलेले नव्हते. एके सकाळी सगळ्या फाइलींची नावे बदललेली आणि पडद्यावर पैशांची मागणी. कोणत्या दारातून चोर शिरला हे शेवटपर्यंत कळले नाही, पण दारे उघडी होती एवढे खरे. त्यांच्या उधारीची तीन वर्षांची खाती त्यात गेली. ईदच्या आधी वसुलीला निघायची वेळ, आणि कोणाकडे किती बाकी हे गिऱ्हाइकांनाच विचारायची पाळी आली. काहींनी प्रामाणिकपणे सांगितले. काहींनी नाही.

मोठ्यांचीही तीच गत झाली आहे. 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस १२ मे २०१७ रोजी पसरला आणि काही दिवसांत दीडशेवर देशांत पोहोचला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिले होते. म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतले ते वाचले.

त्याच वर्षी २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. पसरण्याच्या त्याच्या मार्गांपैकी एक मार्ग तेच भोक होते. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक ठप्प झाले आणि न्हावा-शेवाच्या बंदरात त्या समूहाच्या टर्मिनलचे काम अडले. पण नॉटपेट्याची सुरुवात ज्या वाटेने झाली तीही हिशेबी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. युक्रेनमध्ये कराचा हिशेब ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच तो मिसळून दिला होता. म्हणून अपडेट घ्यावे, पण मूळ कंपनीच्या दारातूनच. 'मोफत फुल व्हर्जन' म्हणून पेनड्राइव्हवर फिरणारे हिशेबाचे पॅकेज घेणाऱ्याचे अपडेट कोणत्या दारातून येते, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

तर अपडेट थांबवायचे नाही, त्याची वेळ आपण ठरवायची. विंडोजचे मासिक अपडेट साठवणीचे असते. या महिन्याच्या अपडेटमध्ये मागच्या महिन्यांचेही येते. त्यामुळे आठ-दहा दिवस उशीर झाला तर काही गमावत नाही. उलट थोडे थांबण्याचा एक फायदाही आहे. अपडेटमध्येच खोट असली तर ती पहिल्या काही दिवसांत उघडकीस येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते अपडेट लांबवणे गिऱ्हाइकाच्या हातात नव्हते. विंडोजचे आहे.

काय करावे

पहिली आणि मुख्य गोष्ट 'मीटर्ड कनेक्शन'. कापडवाल्याला मीटर समजावून सांगायला नको. येथे अर्थ एवढाच की, हे नेट मोजून मिळते, जपून वापर, असे संगणकाला सांगणे. 'सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट'वर जावे, ज्या वाय-फायला किंवा वायरला आपण जोडलेले आहोत त्याच्या 'प्रॉपर्टीज' उघडाव्या आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करावे. मग विंडोज बहुतेक अपडेट आपणहून उतरवत नाही. अगदी निकडीचे थोडेफार येऊ शकते. अपडेट आले आहे असे दाखवते आणि 'डाउनलोड' हे बटण आपल्या हाती देते. यात एक अडचण आहे. ही खूण त्या एकाच जोडणीपुरती असते. उद्या दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की त्याच्यावर पुन्हा करावी लागते. आमचे येथेच दोनदा फसले. 'विंडोज अपडेट'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'मीटर्ड कनेक्शनवरही अपडेट उतरवा' अशा अर्थाचे एक बटण आहे, ते बंदच असावे.

मीटर्ड ठेवले की व्हायरस ओळखण्याची यादी मात्र शिळी होऊ देऊ नये. ती त्यामानाने हलकी असते. 'विंडोज सिक्युरिटी'तील 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जाऊन आठवड्यातून दोन-तीनदा 'चेक फॉर अपडेट्स' दाबावे. ब्राउझरचे अपडेटही अडवू नये. बँक आणि पोर्टल त्याच खिडकीतून उघडतात.

दुसरी गोष्ट 'पॉज'. 'विंडोज अपडेट'च्या पानावर आठवड्याच्या हिशेबाने, साधारण पाच आठवड्यांपर्यंत, अपडेट थांबवता येते. मुदत संपली की साचलेले अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा थांबवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही दुसऱ्या मंगळवारच्या आदल्या दिवशी एक आठवड्याचा पॉज लावतो.

'अ‍ॅक्टिव्ह अवर्स'बद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. सकाळी नऊ ते रात्री दहा अशी वेळ भरली की त्या वेळेत अपडेट येणार नाही, असे लोक समजतात. आम्हीही समजत होतो. प्रत्यक्षात त्या वेळेत संगणक आपणहून बंद-चालू होत नाही एवढेच. माल उतरणे चालूच राहते. वेळ जरूर भरावी, कारण बिल बनवताना मध्येच संगणक बंद होणे हा वेगळा मनस्ताप आहे. पण नेट वाचवणे हे तिचे काम नव्हे.

ज्यांच्याकडे केबलची बेताची लाइन आहे आणि पूर्ण अडवायचे नाही, त्यांनी 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' पाहावे. तेथे अपडेटने लाइनचा किती हिस्सा घ्यावा याची मर्यादा घालता येते. बोळात टेम्पो येऊ दे, पण एका कडेने. त्याच पानावर 'इतर संगणकांकडून घेणे' असा पर्याय असतो. पेढीवर एकाच वाय-फायवर दोन-तीन संगणक असतील तर तो 'लोकल नेटवर्क'पुरता चालू ठेवावा. एकाने आणलेला माल दुसरा बराचसा त्याच्याकडूनच घेतो. मात्र त्यात 'इंटरनेट'वरचे संगणकही निवडलेले असतील तर आपल्या लाइनवरून परक्यांनाही माल जाऊ लागतो. तेवढे तपासून घ्यावे.

आमचा स्वतःचा रिवाज असा आहे. आमची पेठ शुक्रवारी बंद असते. म्हणून दुसऱ्या मंगळवारनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी रात्री, पेढी बंद करताना, आम्ही 'डाउनलोड' दाबतो. त्याआधी हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन तो पेनड्राइव्ह संगणकातून काढून घरी नेतो, कारण जोडून ठेवलेला पेनड्राइव्ह चोराच्याही हाती लागतो. 'पॉवर'च्या सेटिंगमध्ये संगणक झोपी जाणार नाही असे करून ठेवतो. मोबाइलचा पॅक असेल तर आणखी एक युक्ती. रोजचा कोटा मध्यरात्री नवा होतो. रात्री उरलेला कोटा वापरून काम सुरू झाले आणि अर्धे राहिले, तरी बारानंतर ते तेथून पुढे चालू होते. पहिल्यापासून करावे लागत नाही.

२० तारखेचे ३बी जवळ आले असेल तर ते आधी भरून घेतो, मगच अपडेट. उतरवण्याला नेट लागते, पण बसवण्याला वीज लागते. बसवताना वीज गेली तर काम फसू शकते. म्हणून ते आम्ही रात्रीवर सोपवत नाही. शुक्रवारी सकाळी समोर बसून, यूपीएस तपासून, 'अपडेट अँड रीस्टार्ट' करतो. तासभर लागतो. चहा होतो.

मोबाइलकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. प्ले स्टोअरमध्ये 'ऑटो-अपडेट अ‍ॅप्स'ला 'ओन्ली ओव्हर वाय-फाय' ठेवले की आपण निश्चिंत होतो. पण मोबाइलला वाय-फाय म्हणजे फुकटचे नेट वाटते, आणि ते वाय-फाय आपल्या पेढीचे असते. कामगार, मुनीम, दलाल, पाच-सहा मोबाइल जोडलेले असले आणि चार्जिंगला लागले की प्रत्येकाचे अ‍ॅप पेढीच्या लाइनवर अद्ययावत होते. यावर दोन उपाय आहेत. अँड्रॉइडमध्ये त्या वाय-फायच्या माहितीत जाऊन 'ट्रीट अ‍ॅज मीटर्ड' निवडावे. आणि पासवर्ड सगळ्यांना वाटू नये. दुसरे बोलायला अवघड जाते हे आम्हाला ठाऊक आहे. पाणी मागितले तर कोण नाही म्हणतो, तसेच वाय-फायचे झाले आहे. आम्ही शेवटी बिलाच्या दिवसांपुरता पासवर्ड बदलतो आणि तसे सांगून टाकतो. कोणी रागावले नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज शेकडो डिझाइनचे फोटो आणि व्हिडिओ येतात. 'स्टोरेज अँड डेटा'मधील 'मीडिया ऑटो-डाउनलोड'मध्ये वाय-फाय आणि मोबाइल डेटा, दोन्हींसाठी व्हिडिओ तरी बंद करावेत. हवे ते डिझाइन बोटाने उघडता येते.

हिशेबाच्या पॅकेजचे अपडेट विंडोजच्या अपडेटबरोबर एकाच दिवशी करू नये. काही बिघडले तर दोघांपैकी कोणामुळे हे कळत नाही. आम्ही ते महिनाअखेरीस करतो.

वर्षातून एकदा, साधारण वर्षाच्या उत्तरार्धात, विंडोजची नवी आवृत्ती येते. तिचे वजन काही जीबी असते. ती मंद लाइनवर ओढू नये. ज्या नातेवाइकाकडे चांगली लाइन आहे त्याच्याकडे ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह नेऊन मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील 'मीडिया क्रिएशन टूल'ने ती भरून आणावी. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हे ध्यानात असावे. एकाच पेनड्राइव्हवरून पेढीतील सगळे संगणक होतात. मासिक अपडेटची फाइलही 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग' या त्यांच्याच ठिकाणी सुटी मिळते. फक्त आपल्या संगणकाची आवृत्ती नेमकी ठाऊक हवी. ती 'विनव्हर' असे टाइप केले की दिसते.

आणि ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांच्यासाठी. गेले काही महिने अपडेटचा त्रास नाही, नेट हलके झाले, असे आमचे एक शेजारी आनंदाने सांगत होते. विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. मायक्रोसॉफ्टने वाढीव मुदतीसाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा वेळ दिला. शेजाऱ्यांनी नोंदणी केलेली नव्हती. त्यांचा संगणक विंडोज ११ साठी जुना आहे. तेव्हा बँक आणि जीएसटीचे काम त्यावरून काढून मुलाच्या नव्या लॅपटॉपवर नेले, आणि जुन्यावर नेट न जोडता फक्त लेबलांची छपाई ठेवली.